म्हातारीची नऊ तोंडं

राखेचा महिना, २ तारीख

पुन्हा तिचंच कौतुक! पाण्याच्या रांगेत आज एक बाई मला म्हणाली, "जा हो तुम्ही पुढे." मी खुळी खूश झाले. एकोणीस वर्षं चौकीत कान झिजवलेत, कोणाला तरी आठवण आहे म्हणायची! तर ती पुढे म्हणते, "तुम्ही त्या कानवाल्या सुनेच्या मोठ्या जाऊबाई ना?" घागर भरून घरी आले. अर्धं पाणी वाटेत हिंदकळलं, तेही रागाने.

कानवाल्या सुनेची जाऊ! अगं, पण तिला चौकीत आणली कोणी? मी. डोंगराची नऊ तोंडं तिच्याकडून घोकून घेतली कोणी? मी. कोणतं तोंड कसं वाजतं ते मांडीवर ताल धरून शिकवलं, तेही मीच. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आता बोंब कोणाच्या नावाने मारू?

३ तारीख

आज दोघींच्या पाट्या जुळल्या. चौकीचे साहेब म्हणाले, "छान." बघितलं मात्र तिच्याकडे.

लोकांना वाटतं, कानकरीचं काम म्हणजे काय, बसायचं आणि ऐकायचं. म्हातारीच्या, म्हणजे आमच्या डोंगराच्या, अंगावर वाफेची नऊ तोंडं. प्रत्येकात कुंभाराने भाजलेली मातीची शिट्टी रोवलेली. आतली वाफ जोर धरेल तसा शिट्टीचा आवाज चढतो. आम्ही दोघींनी पहिल्या उजेडाला चौकीच्या सज्जात एकमेकींकडे पाठ करून बसायचं, आणि आपापल्या पाटीवर नऊ चौकटींत नऊ शब्द लिहायचे — गप्प, घुमतंय, गातंय, ओरडतंय. पाटी साहेबांपुढे उलटी ठेवायची. एकीने दुसरीची बघायची नाही. दोन तोंडं ओरडली की खिंड बंद. पाट्या जुळल्या नाहीत तर जुन्या कानकरीची धरायची. इतकं सोपं! मग बसा की तुम्हीच, आणि पाठवा स्वतःच्या नवऱ्याला त्या खिंडीतून.

आमचे हे तांड्याचे म्होरके. दीर मागची जनावरं सांभाळतात. लग्न झाल्यापासून हे माझ्या पाटीवर जातात आणि माझ्या पाटीवर परत येतात. हे कोणी पाण्याच्या रांगेत बोलत नाही.

५ तारीख

हे जेवताना म्हणाले, "तिचे कान म्हणजे कमाल आहे हं." भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं. मुद्दाम नाही. पण बरं झालं.

६ तारीख

मुख्य कानकरीची जागा या महिन्याच्या शेवटी भरणार. जुन्या बाई थकल्या, लेकीकडे राहायला गेल्या. गेल्या हिवाळ्यापर्यंत ती जागा माझी, हे ठरल्यासारखं होतं. मग ती सकाळ आली. माझ्या पाटीवर 'गातंय', धाकटीच्या पाटीवर तीन वेळा 'ओरडतंय'. जुन्या बाईंनी तेव्हा नियम मोडून तिची पाटी धरली आणि दुपारी खिंडीत डोंगरातून उडालेल्या काचेचा पाऊस पडला. बोटाएवढे तुकडे! तांडा घरीच होता म्हणून वाचला. झालं, एका दिवसात धाकटी देव्हाऱ्यातली आणि मी घरची.

मला त्या दिवशी सर्दी होती. हे मी सगळ्यांना सांगितलं. सर्दीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

आणि ती वाईट असती तर किती बरं झालं असतं! उद्धट असती, कामचुकार असती. पण ती माझ्या आधी उठून पाणी तापवते. सासूबाईंचे पाय चेपते. माझ्या विनोदांना हसते, आणि तेही खोटं नाही. अशा बाईचा राग करायला फार ताकद लागते. मी रोज लावते.

९ तारीख

तिसरं आणि सातवं तोंड चार दिवस मुकं आहे. मी 'गप्प' लिहिते. ती लिहिते 'गातंय'. आज साहेबांनी दोन्ही पाट्या शेजारी ठेवून कपाळाला हात लावला.

मी स्पष्ट सांगितलं, कुंभाराच्या नव्या शिट्ट्या बिघडलेल्या आहेत. माती नीट मळली नसेल, भट्टी कच्ची राहिली असेल. वाजतच नाहीत, मग लिहू काय? आणि जे वाजत नाही ते हिला ऐकू येतं म्हणजे मोठं नवलच. कुंभाराचं वय झालं, हात पहिल्यासारखा चालत नाही. पण कबूल कोण करणार? माणसाला स्वतःचं उणं कधी दिसत नाही.

साहेबांनी वहीत टिपून घेतलं.

१० तारीख

घरी येताना धाकटीने विचारलं, "ताई, सातवं तोंड तुम्हाला खरंच काहीच वाटलं नाही?"

बघा! शिकवलेली पोर आता माझी परीक्षा घेते. म्हटलं, "तुझं तू बघ." रस्त्यावर आज पिवळी राख पडत होती. तिने स्वतःच्या आधी माझ्या खांद्यावरची झटकली. मी खांदा काढून घेतला.

११ तारीख

आज साहेबांनी तिला एकटीला खोलीत बोलावलं. किंवा ती स्वतःच गेली, माहीत नाही. मी दाराला कान लावला. ही वही माझी आहे, इथे कशाला लाजू? साहेबांचा शब्द न् शब्द ऐकू आला. तिचं एक अक्षर नाही. एवढं हळू बोलायचं म्हणजे नक्कीच कोणाच्या तरी वाईटावर!

साहेब म्हणत होते, "हे दुसऱ्या कोणापाशी काढू नका." मग बराच वेळ काही नाही. मग साहेबच, "जोडचंद्र होऊन जाऊ दे, मग ठरवू." बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आनंदानेही होतात.

म्हणजे जागा तिला. ठरलंच.

सासूबाईंनी विचारलं, जेवत का नाहीस. म्हटलं, पोट भरलंय. खरंच भरलंय, जळून जळून.

१३ तारीख

गावात धान्य संपत आलंय. आपल्याकडची काच पलीकडे नेऊन धान्य आणायचं, तर खिंड उघडी हवी. आणि पंधराला जोडचंद्र. दोन्ही चंद्र एकावर एक आले की म्हातारीला आतून ओढ लागते. चार जोडचंद्रांतला एखादा ती शांत घालवते, तीन वेळा उपद्रव. साहेबांकडे सकाळपासून माणसांची रीघ आहे. सगळ्यांचं एकच, तांडा कधी?

संध्याकाळी म्हातारीच्या उजव्या खांद्यावर हिरवा उजेड दिसला. हे म्हणाले, "मागच्या वर्षीही दिसला होता, काही झालं नाही." तरी तापखुऱ्या जनावरांच्या खुरांना दुसऱ्यांदा चुना लावून घेतला. तापल्या दगडावर तेच टिकतं.

एक गोष्ट लक्षात आली. तांड्यातली माणसं हल्ली चौकीच्या फळ्याकडे बघतच नाहीत. फळ्यावर खिंड उघडी लिहिलेलं असतं, आणि ही माणसं धाकटी सज्जातून उतरताना तिच्या तोंडाकडे बघतात. तिने मान हलवली की निघतात. माझ्यासमोरून! मी काय भिंत आहे?

१५ तारीख, सकाळ

तांडा गेला. चाळीस माणसं. हे, दीर. आणि ती.

सज्जात बसले तेव्हा इतकं शांत होतं की मला माझा श्वास ऐकू येत होता. एकोणीस वर्षांत जोडचंद्राची अशी सकाळ आली नाही. नऊच्या नऊ तोंडं गप्प. मी मुद्दाम दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. मग सुवाच्य अक्षरात नऊ वेळा 'गप्प' लिहिलं.

साहेबांनी पाट्या उलटल्या. तिच्या पाटीवर नऊ वेळा 'ओरडतंय'.

एक-दोन असतं तर म्हटलं असतं चूक झाली. पण नऊच्या नऊ! साहेब पांढरे पडले. म्हणाले, "यातलं एक तरी खोटं आहे." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुम्ही सांगा. हिचं ऐकू का?"

आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. म्हटलं, त्या काचेच्या पावसानंतर हिला कौतुकाची चटक लागली आहे. खिंड बंद पाडली की नाव होतं, हे हिला कळलंय. इथे लोकांच्या घरात दाणा नाही, आणि ही मोठेपणासाठी डोंगराला ओरडायला लावते. मुक्या शिट्ट्या आहेत त्या, साहेब. कोणालाही विचारा.

बोलताना मला फार बरं वाटत होतं. ते लिहून ठेवते.

ती रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "नियम ताईंच्या पाटीचा आहे. मग मीही तांड्याबरोबर जाते." पदर खोचला आणि फाटकाकडे चालू लागली. यांनी तिला बघून म्हटलं, "चल, बरंच झालं, सोबत होईल." मला जाताना नेहमीसारखा हात केला, पण घाईत. तांड्याच्या सगळ्यात पुढे, माझ्या नवऱ्याच्या शेजारून ती चालत गेली. आणि माणसं कशी चालायला लागली म्हणता! खिंड साहेबांनी उघडली, पण पाय उचलले ते तिला बघून.

आता कुंभाराकडे जाते. त्याच्याच तोंडून वदवून घेते की शिट्ट्या मुक्या आहेत. साक्षीदार असला म्हणजे साहेबही जागेचं पुन्हा ठरवतील.

१६ तारीख

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

काल गेले तेव्हा कुंभार दारातच बसला होता. म्हटलं, "तुमच्या शिट्ट्या वाजत नाहीत." तो उठला. फळीवरची एक उचलली, अंगरख्याला पुसली, तोंडाला लावली आणि गाल फुगवले. मी वाट बघत उभी. म्हटलं, "फुंका की."

त्याने माझ्याकडे विचित्र बघितलं आणि पुन्हा गाल फुगवले. या वेळी गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. चाकाजवळची मांजर उडी मारून भट्टीमागे पळाली. समोरच्या घरातली बाई धुणं टाकून, दोन्ही कानांवर हात दाबून दारात आली आणि म्हणाली, "बस करा हो, डोकं फुटेल."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

कुंभाराने शिट्टी खाली ठेवून विचारलं, "आता काय म्हणणं आहे?"

म्हटलं, "हं. ठीक आहे."

ती शिट्टी मी मागून घेतली. गल्लीच्या वळणावर, कोणी नाही असं बघून हळू फुंकली. वाजली. जरा जोरात, वाजली, वर चढली. आणखी जोरात, आणि आवाज जिन्याच्या वरच्या पायरीवर गेलेल्या माणसासारखा दिसेनासा झाला. श्वास जात होता, बोटांखाली माती थरथरत होती, आणि आवाज नाही. दहा वेळा केलं. दहाही वेळा तिथेच गेला.

म्हणजे काल सकाळी नऊ तोंडं गप्प नव्हती. माझे कान पोहोचतात त्याच्या वर जाऊन ती ओरडत होती. जितकी जास्त ओरडली तितकी मला गप्प वाटली. सर्दी नव्हती. कुंभार म्हातारा झाला नव्हता. आणि साहेबांच्या खोलीत ती हळू बोलत नव्हती, तिचा बारीक आवाजच मला दाराआडून कळला नव्हता.

धावत चौकीत गेले आणि परतीची घंटा ओढायला लागले. साहेब वरून ओरडले, "बाई, काय ऐकलंत?" मी हाताची सालं निघेपर्यंत ओढत राहिले. तांडा तोवर इतका पुढे गेला होता की घंटा तिथवर पोहोचणं शक्य नव्हतं. ते मलाही माहीत होतं.

दोन्ही चंद्र वर आले आणि म्हातारीची उजवी कूस फुटली. तो आवाज मला ऐकू आला. तो बहिऱ्यालाही आला असता.

१६ तारीख, संध्याकाळ

बातमी नाही. खिंडीवर हिरवा धूर.

शेजारच्या बायका येऊन माझे हात हातात घेतात. म्हणतात, तुम्हीच ओळखलंत, फुटण्याआधी घंटा वाजवलीत, शेवटी जुने कान ते जुने कान. साहेबही तेच म्हणाले. म्हणाले, "काल सकाळी मुक्या शिट्ट्यांनी तुम्हाला फसवलं, तरी दुपारी तुम्हाला कळलं." मी मान खाली घातली. त्यांना ती विनयाने घातली असं वाटलं.

१७ तारीख

बातमी नाही. सासूबाई उंबरठ्यावरून उठत नाहीत.

खूप रडले. यांच्यासाठी रडले. तिच्यासाठी रडले असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? आधी मनात आलं, ती परत आलीच तर माझ्याकडे कशी बघेल. मग मनात आलं, नाही आली तर कोणालाच कळणार नाही. असं माझ्या मनात आलं. पान फाडणार नाही.

१८ तारीख

आले! सगळे आले. चाळीसही आले. जनावरं सात गेली. यांच्या भुवया जळल्या आहेत, बाकी धडधाकट. मी दारातच यांना धरून बसले, लोक बघत होते तरी.

धाकटीला दिरांनी पाठीवर आणली.

हे सांगत होते. दुसऱ्या वळणावर ती थांबली आणि म्हणाली, मागे फिरा. मागची वाटही तोपर्यंत तापली होती, कुठून जायचं कळेना. तोंडांच्या जवळून जाताना सगळे कानांत मेण घालतात, नाहीतर पडदा फाटतो. तिने स्वतःच्या कानांतलं मेण काढून टाकलं आणि पुढे झाली. एकेका तोंडाजवळ जाऊन ऐकायची, हाताने खूण करायची, इकडून, आता इकडून. चार तोंडं अशी पार केली. पाचव्याजवळ म्हातारी फुटली.

"तिच्या कानांतून रक्त येत होतं," हे म्हणाले, "आणि ती खूण करतच होती."

वैद्य म्हणाले, डावा कान गेला. उजव्याचं महिन्याभराने कळेल.

१९ तारीख

सगळं घर तिच्या खाटेभोवती. सासूबाई तिला चमच्याने भरवतात, हे दर तासाला डोकावतात, गल्ली लोटली आहे. आणि माझ्या मनात काय यावं? आजारपणातही पहिला मान हिचाच! काय बाई आहे मी. सवयच लागली म्हणायची.

दुपारी दोघीच होतो. स्वतःचं बोलणं तिला ऐकू येत नाही, म्हणून ती मोठ्याने बोलते. म्हणाली, "ताई, तुम्ही घंटा वाजवलीत म्हणे." आणि माझ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं!

मग म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही. साहेबांकडे गेले होते, माझी पाटी धरा एवढंच म्हटलं, तुमचं नाव घेऊन बोलणं जमलंच नाही. तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. माझंही चुकलं."

तिचं चुकलं!

मी उशी सारखी करते म्हणून उठले आणि खोलीबाहेर गेले.

२० तारीख

महिनाअखेरीआधीच फळ्यावर कागद लागला. मुख्य कानकरी म्हणून माझं नाव. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या हिवाळ्यापासून ज्याच्यासाठी जळत होते ते हेच. आणि सांगते, गोड लागलं. हे टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यात पुढे होते.

खाली दुसरा कागद होता. कुंभाराची भट्टी बंद, त्याला गावाबाहेर काढायचं. कारण, मुक्या शिट्ट्या देऊन चाळीस माणसांचा जीव धोक्यात घातला. धाकटीने तोंडांजवळ जाऊन आतली वाफच ऐकली, शिट्ट्या नाही, असं सगळे धरून चालले; आणि त्या नऊ शिट्ट्या डोंगराबरोबर फुटल्या, तपासायच्या कशा? कुंभार फाटकापाशी उभा होता. मला बघून त्याला हायसं वाटलं. म्हणाला, "बाई, तुम्ही ऐकली होती ना त्या दिवशी? दोनदा वाजवून दाखवली. जरा सांगा त्यांना."

म्हटलं, "बघते."

उद्या चौकीतल्या ठेवणीतल्या शिट्ट्या रोवणार आहेत. माझी पाटी आली की परवा तांडा निघेल. चौकीत आता ऐकणारं कोणी नाही, हे फक्त मला आणि तिला ठाऊक. ती सांगणार नाही. मी दर वेळी 'ओरडतंय' लिहीत राहिले तर माणसं उपाशी मरतील. 'गप्प' लिहिलं तर जळून. कधी हे, कधी ते लिहिलं तर एखाद-दोन वर्षं कोणाला कळणारही नाही. तेवढ्यात माझा मान, माझं नाव, पाण्याच्या रांगेतली पहिली जागा, सगळं होऊन जाईल.

हिशेब करून बघितला. करून बघितला हेच पुरे झालं.

२२ तारीख

मुख्य कानकरी म्हणून आज पहिली पाटी. नऊही चौकटी पुसल्या आणि लिहिलं — मला ऐकू येत नाही. कुंभाराच्या शिट्ट्या वाजत होत्या.